नजर न देणाऱ्या मुलाला खुणा शिकवायच्या कशा?

पत्र : मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत लहान गटाला शिकवते. माझ्या वर्गात सात वर्षांचा एक मुलगा आहे. जन्मापासून त्याला जवळजवळ ऐकू येत नाही. तीन वर्षांचा असताना एका कानात कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकण्याच्या नसेला संकेत देणारं उपकरण, शस्त्रक्रियेने बसवलं. गेल्या वर्षी ऑटिझमचंही निदान झालं. तो माझ्या तोंडाकडे पाहत नाही, हातांकडेही क्वचितच पाहतो. दहाबारा खुणा करतो, त्यातल्या बऱ्याच उलट्या तळहाताने. ‘काय हवं?’ असं खुणेने विचारलं तर तीच खूण मला परत करून दाखवतो. इम्प्लांटचं बाहेरून लावायचं मशीन सतत ओढून काढतो. सगळी मुलं सभागृहात जमायची वेळ झाली की टेबलाखाली जाऊन बसतो. ऑटिझमच्या थेरपिस्ट म्हणतात, खुणा बंद करा, फक्त चित्रकार्डं वापरा. स्पीच थेरपिस्ट म्हणतात, चित्रं नकोत आणि खुणाही नकोत, मशीनवर भर द्या. आईवडील मला विचारतात. त्यांना काय सांगू, आणि वर्गात सुरुवात कुठून करू? – एक शिक्षिका

ताई, नमस्कार.

आईवडिलांना काय सांगायचं ते आधी. खुणा बंद करू नका, चित्रंही बंद करू नका, आणि मशीनचा प्रश्न या दोन्हींपासून वेगळा ठेवून सोडवा. चित्रांमुळे किंवा खुणांमुळे मूल बोलायचं थांबतं, या भीतीला आजवरच्या अभ्यासांत पक्का आधार मिळालेला नाही. उलट सात वर्षांच्या मुलाकडे एकही पक्की भाषा नसणं हाच मोठा धोका आहे, आणि तो रोज वाढतो.

आता वर्ग. कर्णबधिर मुलांना शिकवण्याची आपली सगळी रीत एका गोष्टीवर उभी आहे : मूल आपल्याकडे पाहणार. ओठवाचन असो, खुणा असोत की फळा. ऑटिझममध्ये नेमकी तीच गोष्ट हाती लागत नाही. ऑटिझमसाठीच्या बहुतेक पद्धती घडल्या त्या ऐकू येणाऱ्या मुलांसाठी. त्यांत मोठं माणूस बोलत राहतं, टायमर वाजतो, शाबासकी कानावर पडते. म्हणून इकडचं थोडं आणि तिकडचं थोडं एकत्र करून या मुलाचं भागत नाही. त्याच्यासाठी आधी पाहण्याची सोय लावावी लागते, भाषा तिच्या मागून येते.

सोय बसण्याच्या जागेपासून सुरू होते. समोरासमोर बसू नका. टेबलाच्या कोपऱ्याला काटकोनात बसा, म्हणजे मान न वळवता त्याला तुमचे हात आणि वस्तू एका नजरेत दिसतील. वस्तू आपल्या हनुवटीजवळ धरायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. मूल वस्तूबरोबर चेहराही पाहील हा त्यामागचा हिशेब. या मुलाच्या बाबतीत ते सोडून द्या. वस्तू त्याच्यापुढे जिथे आहे तिथेच राहू द्या आणि खूण तिच्याशेजारी, वीतभर अंतरावर करा. आपले हात त्याच्या नजरेत न्यायचे, त्याची नजर आपल्या हातांकडे ओढायची नाही. हनुवटी धरून तोंड वळवणं तर पूर्ण बंद. त्याने पाहणं वाढत नाही, तुमच्या हातांची धास्ती बसते. ज्या हातांतून भाषा यायची त्यांचीच धास्ती बसली तर पुढचं सगळं अडतं.

मग वेळ. ऐकणारं मूल गाडी पाहता पाहता ‘गाडी’ हा शब्द ऐकतं. कर्णबधिर मुलाला दोन्ही कामं डोळ्यांनीच करायची असतात, त्यामुळे ती एकामागून एक होतात : आधी वस्तू, मग खूण, मग पुन्हा वस्तू. त्यात ऑटिझम असेल तर एका गोष्टीवरून नजर सुटायलाच वेळ लागतो. तो गाडीकडे पाहत असताना काहीही करू नका. नजर उठली, मग ती तुमच्याकडे नसली तरी चालेल, की खूण त्या नजरेत आणा आणि शेवटच्या आकारात दोन सेकंद धरून ठेवा. हात खाली घ्या. मनात सावकाश दहा मोजा. या दहा आकड्यांत दुसरी खूण नाही, डोकं हलवणं नाही, कार्ड पुढे करणं नाही. वर्गात सगळ्यात जास्त बिघडतं ते इथेच. उत्तर येत नाही म्हणून आपण तीच खूण चारदा करतो, दर वेळी जरा मोठी, आणि त्याला दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

लक्ष वेधण्याचा एक ठरलेला क्रम ठेवा आणि त्याच्याशी वागणाऱ्या सगळ्यांनी तोच पाळावा. आधी त्याच्या नजरेच्या टप्प्यात या आणि थांबा. मग त्याच्या टेबलाच्या उंचीवर हात हळू हलवा. त्यानेही झालं नाही तर दंडावर एकदा तळहाताचा ठाम दाब. बोटांनी टकटक करू नका. हलका, अचानक स्पर्श ऑटिझम असलेल्या अनेक मुलांना सहन होत नाही, ठाम दाब चालून जातो. मागून येऊन हात लावणं टाळा, कारण त्याला पावलं ऐकू येत नाहीत. दिवा लावून-विझवून वर्गाला बोलावण्याची पद्धत या मुलाच्या दृष्टीने बेभरवशाची आहे. काही मुलं त्याने बिथरतात, काही मुलं दिव्यातच गुंततात आणि दिवसभर बटणाशी खेळत बसतात. फिट येण्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती वापरूच नका.

तुमच्या मागे खिडकी नको. उजेड तुमच्या हातांवर पडला पाहिजे, त्याच्या डोळ्यांत नाही. कपडे एकरंगी, त्वचेच्या रंगाहून वेगळे. चमकणाऱ्या बांगड्या, मोठं घड्याळ, लोंबणारी ओळखपट्टी नको, नाहीतर तो खूण सोडून त्या चकाकीकडे पाहत राहील. लुकलुकणारी ट्यूब त्याच दिवशी बदला.

एक गोष्ट कर्णबधिरांच्या शाळेत सहज निसटते. खुणांच्या अनेक भाषांत प्रश्न, नकार, जोर या गोष्टी चेहऱ्यावर असतात, भुवया वर जातात, मान हलते. हा मुलगा हात पाहतो, भुवया पाहत नाही. त्याच्यापर्यंत ‘पाणी हवं का?’ आणि ‘पाणी हवं’ हे एकच वाक्य पोचतं. म्हणून त्याच्यासाठी प्रश्न हातावर आणा : वाक्याच्या शेवटी प्रश्नाची वेगळी खूण, किंवा प्रश्नचिन्हाचं कार्ड वस्तूशेजारी. नकारही मानेने नाही, हाताने.

उलट्या तळहाताचं म्हणाल तर तो हट्टीपणा नाही आणि निष्काळजीपणाही नाही. तुम्ही समोरून खूण करता तेव्हा तुमचा तळहात त्याच्याकडे असतो. त्याला जे दिसतं तेच तो करतो, म्हणून त्याचाही तळहात त्याच्या स्वतःकडेच येतो. ऐकणारी ऑटिस्टिक मुलंही कधीकधी असाच स्वतःकडे तळहात करून टाटा करतात. आईवडीलही कर्णबधिर असलेल्या, म्हणजे जन्मापासून घरात खुणांची भाषा पाहणाऱ्या ऑटिस्टिक मुलांमध्येही संशोधकांना हे दिसलं आहे. ऑटिझम नसलेल्या कर्णबधिर मुलांत ते क्वचितच आढळतं. मनातल्या मनात दुसऱ्याच्या जागी जाऊन आकार फिरवणं त्याला जमत नाही, तेव्हा ते फिरवण्याची गरजच काढून टाका. खांद्याला खांदा लावून, दोघांचं तोंड एकाच दिशेला, अशा स्थितीत खूण दाखवा. किंवा दोघं आरशासमोर बसा. घरी पाठवायचा व्हिडिओ समोरून काढू नका. फोन खूण करणाऱ्याच्या खांद्यामागून धरा, म्हणजे मुलाला स्वतःचे हात दिसावेत तसे ते हात दिसतील. नव्या खुणा निवडताना अंगाला टेकणाऱ्या किंवा दोन्ही हातांच्या सारख्या खुणा आधी घ्या. त्यांत उलटं व्हायला फारशी जागा नसते आणि स्पर्शामुळे जागा लक्षात राहते.

चुकीचा हात दुरुस्त कधी करायचा? मागणी करताना तर कधीच नाही. त्याने उलट्या हाताने ‘चेंडू’ म्हटलं की चेंडू लगेच द्या, आणि देता देता योग्य खूण त्याच्या बाजूने एकदा करून दाखवा. आधी दुरुस्ती आणि मग चेंडू असं केलंत तर तो खूण करणं सोडेल आणि पुन्हा तुमचा हात धरून ओढायला लागेल. हाताला हात लावून शिकवायची वेळ आली तर त्याचे हात वरून पकडू नका. तुमचे हात खाली ठेवा, त्याचे वर येऊ द्या. ओढून घ्यावेसे वाटले तर त्याला लगेच ओढता आले पाहिजेत. ‘हात शांत ठेव’ हा नियम तुमच्या वर्गात नसावा. बोटं हलवणं, हात फडफडवणं चालू असताना त्याचे हात धरून ठेवणं म्हणजे त्याचं तोंड बंद करण्यासारखं आहे.

‘काय हवं?’ला ‘काय हवं?’ हे उत्तर म्हणजे खुणांतली प्रतिध्वनीसारखी भाषा. ऐकणारी ऑटिस्टिक मुलं वाक्यं परत म्हणतात, ही मुलं खुणा परत करतात. तिला मोडून काढायची गरज नाही, पुष्कळदा तिचा अर्थ ‘हो’ असतो. उपाय असा की थोडे दिवस प्रश्न विचारणंच कमी करा. त्याच्या तोंडचं वाक्य तुम्ही करा. तो डब्याकडे पाहतोय, तुम्ही खूण करा ‘उघड’, थांबा, त्याने कॉपी केली की डबा उघडा. म्हणजे त्याने जे परत केलं तेच योग्य वाक्य ठरतं. पुढच्या टप्प्यावर दोन वस्तू दोन हातांत धरा आणि दोन्हींची खूण करा. एक त्याच्या आवडीची, दुसरी नक्की नको असलेली. शेवटची खूणच परत येत असेल तर आवडती वस्तू आधी आणि नावडती शेवटी ठेवा. नावडती हातात आली की तो ती ढकलतो, आणि ‘नको’ शिकवायची जागा तिथेच मिळते.

‘मी’, ‘तू’ यासाठी बोट दाखवणं त्याला बराच काळ जमणार नाही कदाचित. बोट तेच, पण अर्थ बोट कुणाचं यावर बदलतो. त्याऐवजी नावाच्या खुणा वापरा. वर्गातल्या प्रत्येकाची नावाची खूण, सोबत फोटो. त्याने स्वतःलाही नावाच्या खुणेनेच दाखवलं तर तेच बरोबर धरा.

पहिल्या खुणा कोणत्या, याबद्दल आमचं मत जरा ठाम आहे. ‘धन्यवाद’, ‘कृपया’ आणि रंगांची नावं आत्ता नकोत. ‘अजून’ ही खूणही लवकर नको, कारण ती कुठेही चालते हे मुलाच्या लक्षात आलं की तो प्रत्येक गोष्टीला तीच करतो आणि नेमकं काय हवं ते कळत नाही. त्याला जिवापाड आवडणाऱ्या तीन-चार गोष्टींची नावं घ्या, आणि त्यांच्याबरोबर ‘नको’, ‘संपलं’, ‘मदत’, ‘थांब, मला सुट्टी हवी’. आवडीची वस्तू मागण्याइतकंच नकार देता येणं महत्त्वाचं आहे. चावणं, ढकलणं, डोकं आपटणं यामागे पुष्कळदा न मिळालेला ‘नको’ असतो. त्याने ‘नको’ म्हटलं की सुरुवातीचे काही आठवडे ते शक्य तितकं मानलं गेलं पाहिजे, नाहीतर ती खूण त्याच्या उपयोगाची ठरत नाही. ‘दुखतंय’ लवकर आणा, शरीराच्या चित्रासह. कान, दात, पोट.

आता चित्रं. खूण हवेत विरते, चित्र जागेवर राहतं. ज्याची नजर उशिरा पोचते त्याला उशिरा पोचूनही सापडणारी गोष्ट लागते, म्हणून ऑटिझमच्या थेरपिस्ट कार्डांचा आग्रह धरतात आणि तिथे त्यांचं बरोबर आहे. पण कार्डांतून तो मागणी करेल. गप्पा, गोष्ट, ‘काल’, ‘का’ यांच्यासाठी भाषा लागते, आणि या मुलाला डोळ्यांनी पूर्ण मिळू शकेल अशी भाषा खुणांचीच आहे.

कार्डं करण्याआधी त्याला काय कळतं ते तपासा. खऱ्या वस्तू, वस्तूचा फोटो, रेषाचित्र, लिहिलेला शब्द, या पायऱ्या आहेत आणि सगळी मुलं एकाच पायरीवर नसतात. फोटोला फोटो जुळवता येणं पुरेसं नाही, ते नुसतं आकार जुळवणं झालं. टेबलावर पाच वस्तू ठेवा, एक फोटो दाखवा, त्याने ती वस्तू उचलून द्यायला हवी. वेगवेगळ्या दिवशी पाचपैकी चार वेळा जमलं तर फोटो चालतील. नाही जमलं तर वस्तूच वापरा : बाहेर जाण्यासाठी बूट, चित्रकलेसाठी ब्रश. फोटोत मागचा पसारा नको, नाहीतर तो कप न पाहता कपाखालचं टेबलक्लॉथ लक्षात ठेवतो.

कार्ड देऊन वस्तू घेण्याची जी पद्धत आहे, १९८५ मध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी सुरू केलेली पेक्स, तिच्या पहिल्या टप्प्यात दोन मोठी माणसं लागतात. एक समोर, हातात आवडीची वस्तू. दुसरं मुलाच्या मागे, ते काही बोलत नाही, खूण करत नाही. मुलाने वस्तूकडे हात नेला की त्याचा हात कार्डाकडे, मग समोरच्या तळहातावर नेऊन ठेवायला मदत करतं, आणि ही मदत लवकरात लवकर कमी करत जातं. एकटीने हे करायला गेलात तर समोरूनच इशारा द्यावा लागतो आणि मुलगा तुमच्या इशाऱ्याची वाट पाहायला शिकतो. दुसरी नेहमीची चूक म्हणजे समोरच्या व्यक्तीने रिकामा तळहात फार लवकर पसरणं; मग तळहात दिसल्याशिवाय कार्ड येतच नाही. तिसरी चूक, कार्डांची वही कपाटात. ती त्याच्या हाताशी, दिवसभर असली पाहिजे.

कर्णबधिर मुलासाठी यात एक बदल करावा लागतो. ऐकणाऱ्या मुलाला वस्तू देता देता तिचं नाव सांगता येतं. इथे कार्ड हातात आलं की ते वस्तूला चिकटवून धरा, म्हणजे दोन्ही त्याच्या नजरेत आहेत. त्या नजरेत खूण करा, एकदाच, आणि ताबडतोब वस्तू द्या. सगळं तीन सेकंदांत. जास्त लांबवलंत तर त्याला वाटेल कार्ड चाललं नाही. काही आठवड्यांत कार्ड देण्याआधी हात हलायला लागला, अर्धवट का होईना, की त्या खुणेलाही वस्तू मिळाली पाहिजे. कार्ड मात्र काढून घेऊ नका. थकलेल्या दिवशी तो कार्डावरच येईल. प्रत्येक कार्डावर शब्द लिहा, नेहमी एकाच जागी, एकाच ठळक अक्षरात. यातली काही मुलं छापील शब्द अनपेक्षित लवकर उचलतात, आणि मग वाचन हाच त्यांचा मोठा रस्ता होतो. बोलून दाखवणारं टॅबलेटवरचं ॲप कुणी सुचवलं तर त्यातला आवाज इतरांसाठी आहे हे लक्षात ठेवा. मुलासाठी पडद्यावर मोठा शब्द आणि शक्य असल्यास खुणेची छोटी चित्रफीत हवी.

सभागृहाच्या वेळचं टेबलाखाली जाणं. ऐकणाऱ्या मुलाला बदलाची चाहूल आधी लागते : खुर्च्या सरकतात, घंटा होते, बाहेर गलका वाढतो. या मुलाला काहीच कळत नाही आणि अचानक सगळे उठून चालू लागतात. त्याच्या दृष्टीने दिवसात असे धक्के कितीतरी वेळा बसतात. त्यामुळे वेळापत्रकाची पट्टी त्याच्यासाठी घड्याळाइतकी आवश्यक आहे. सुरुवातीला फक्त तीन चित्रं, वरून खाली, वेल्क्रोने चिकटवलेली. झालेलं चित्र त्याने स्वतः काढून खालच्या ‘संपलं’ डब्यात टाकायचं. पूर्ण दिवसाची पट्टी पहिल्याच दिवशी लावू नका, बारा चित्रांपुढे तो शेवटच्या आवडत्या चित्राकडे बोट दाखवत अडून बसेल. प्रत्येक कामाचंही तसंच : काय करायचं, किती करायचं, संपलं हे कसं कळणार, नंतर काय. ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवण्याच्या ‘टीच’ (TEACCH) या पद्धतीचा गाभा हाच आहे. डावीकडे तीन ट्रे, उजवीकडे रिकामा डबा. ट्रे संपले की काम संपलं, सांगावं लागत नाही.

टायमर वाजणारा नको. रंगीत चकती कमी होत जाणारा किंवा वाळूचा चालेल. उठण्याआधी पाच मिनिटांचं कार्ड, मग एक मिनिटाचं, मग ‘आता’. ‘बदल’ हे कार्ड वेगळं करा आणि ते पहिल्यांदा चांगल्या बदलांसाठी वापरा, म्हणजे लिखाणाऐवजी झोका. पहिल्यांदाच ते कार्ड आवडता तास रद्द झाल्याची बातमी घेऊन आलं तर तो पुढे ते फाडून टाकेल.

सभागृहात त्याला सगळ्यांच्या आधी, रिकामं असताना न्या. दाराजवळची कडेची जागा, मागे भिंत. पहिल्या आठवड्यात दोन मिनिटं आणि परत. आणि तिथे मशीनमधून येणारा आवाजही पाहा; उंच छताच्या, टणक भिंतींच्या जागेत घुमणारा गोंगाट इम्प्लांटमधून फार वाईट ऐकू येतो. ऑडिओलॉजिस्टना, म्हणजे श्रवणतज्ज्ञांना, मशीनमध्ये गोंगाटासाठी वेगळा प्रोग्रॅम मागता येतो.

स्फोट झालाच, रडणं, फेकणं सुरू झालं, तर खुणा थांबवा. डोळे मिटले असतील तर तुमच्याकडे त्याला काही सांगायचं साधनच नसतं, आणि डोळ्यांवरचे हात ओढून काढणं हा त्यावर उपाय नाही. उजेड कमी करा, इतर मुलांना बाजूला घ्या, तुम्ही दोन हात अंतरावर खाली बसा, नजरेच्या टप्प्यात एकच कार्ड ठेवा. बाकी सगळं नंतर.

मशीन. ओढून काढण्याला कारण असतं, आणि ते शोधल्याशिवाय पुन्हा पुन्हा लावत राहिलात तर दुपारपर्यंत तेच युद्ध होईल. आधी त्वचा पाहा : मशीन डोक्याला धरून ठेवणाऱ्या लोहचुंबकाखाली लाली किंवा दुखरा भाग असेल तर चुंबकाची ताकद जास्त आहे, किंवा घाम साठतोय. मग मशीन चालतंय का ते पाहा. केबल, बॅटरी, माइकच्या छिद्रातली घाण. मशीन लावल्यावर नीट ऐकू येतं का ते पाहण्यासाठी डॅनियल लिंग यांच्या सहा ध्वनींची (आ, ई, ऊ, म्, श्, स्) रोजची तपासणी तुम्ही इतर मुलांची करतच असाल. हा मुलगा हात वर करणार नाही, म्हणून प्रतिसाद म्हणजे काय ते आधी ठरवा : थबकणं, डोळे हलणं, हातातली वस्तू थांबणं. काही आवाजांना अजिबात नाही आणि काहींना दचकून कान झाकणं असं दिसलं तर मॅपिंग, म्हणजे कोणता आवाज किती जोरात पोचवायचा याची मशीनमधली जुळणी, तपासायला हवं. जो सांगू शकत नाही त्याचं मॅपिंग अंदाजाने फार वर गेलेलं असू शकतं. श्रवण-नसेचा प्रतिसाद, कानातल्या स्नायूचा प्रतिक्षेप अशा, मुलाने काही न सांगता करता येणाऱ्या चाचण्यांचा आधार घ्या असं ऑडिओलॉजिस्टना सांगा. मॅप बदलल्याची तारीख वहीत लिहा. त्यानंतरचे काही दिवस चिडचिड वाढली तर ती ऑटिझमच्या नावावर टाकली जाऊ नये.

एक आठवडा फक्त नोंद करा : किती वाजता काढलं, कुठे, त्याआधी काय चालू होतं, काढल्यावर काय मिळालं. त्यावरून गोंगाट, दुखणं आणि कामातून सुटका ही तीन कारणं एकमेकांपासून वेगळी होतात. मग वेळ नव्याने बांधा. शांत खोली, आवडीचा खेळ, ‘मशीन लाव’ कार्ड, मशीन, खेळ, ‘मशीन काढ’ कार्ड, आणि त्याने ओढण्याआधी तुम्हीच काढा. सुरुवात तीस सेकंदांनी झाली तरी हरकत नाही. लागोपाठ तीन वेळा शांत गेलं की दुप्पट करा, लागोपाठ दोनदा ओढलं की मागच्या वेळेवर या. शेवटी ‘काढ’ हे कार्ड त्याच्या हाती असलं पाहिजे. कार्ड दाखवून काढणारा मुलगा मशीन फेकत नाही. मशीन लावलेलं असतानाही खुणा चालू राहतील, आणि मशीन नसताना तास थांबणार नाही. मशीनला छोटी बटण बॅटरी असेल तर बॅटरीच्या झाकणाला कुलूप हवंच. ती गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालयात न्यायचं, कारण अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांतही गंभीर भाजू शकते.

त्याचे डोळे तपासले आहेत का? दोन निदानांच्या गर्दीत हे राहून जातं. तो उशिरा, दीड वर्षानंतर चालायला लागला असेल, अंधुक उजेडात अडखळत असेल, बाजूने केलेली खूण त्याला दिसतच नसेल, तर अशर सिंड्रोमचा, म्हणजे ऐकण्याबरोबर हळूहळू नजरही कमी होत जाणाऱ्या आनुवंशिक आजाराचा, विचार करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यायला सांगा. ‘पाहत नाही’ आणि ‘दिसत नाही’ यांत फरक आहे, आणि नजरेचा टप्पा अरुंद होत असेल तर वर सांगितलेली हातांची जागा बदलावी लागेल. चश्मा लागत असेल तर आधी चश्मा.

आणखी एक प्रश्न तुम्ही विचारला नाही तरी घेतो. कर्णबधिर मुलाला उशिरापर्यंत भाषा मिळाली नाही तर तोही इतरांच्या मनातलं ओळखण्यात मागे पडतो, तोही चिडतो, तोही एकटा खेळतो. म्हणून त्याचं सगळंच ऑटिझमच्या खात्यात टाकू नका. फरक साधारण असा दिसतो : भाषा न मिळालेलं कर्णबधिर मूल स्वतःच्या खुणा तयार करतं, बोट दाखवतं, नक्कल करून सांगतं, चेहरे निरखतं. त्यातलं काहीच नसेल आणि मोठ्यांचा हात धरून अवजारासारखा वापरला जात असेल तर ऑटिझमकडे निर्देश होतो. दोन्ही एकत्र असणंही दुर्मीळ नाही. अमेरिकेत २००९-१० च्या एका शालेय सर्वेक्षणात आठ वर्षांच्या कर्णबधिर मुलांपैकी सुमारे ५९ मध्ये एक ऑटिझमसाठीच्या सेवा घेत होतं. त्या हिशेबाने तुमच्या शाळेत हा एकटाच असेल असं नाही.

शक्य असेल तर खुणांची भाषा हीच मातृभाषा असलेली एखादी कर्णबधिर प्रौढ व्यक्ती आठवड्यातून काही तास त्याच्या वर्गात आणा. नजर कधी पकडायची, कुठे थांबायचं हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं, आणि त्यांना पाहून तुम्हाला जे समजेल ते आम्ही लिहून सांगू शकत नाही.

दोन्ही थेरपिस्ट आणि आईवडील यांना एकदा अर्ध्या तासासाठी एकत्र बसवा आणि प्रत्येकाच्या हातात एकच कागद द्या. त्यावर या महिन्याच्या सहा खुणा, प्रत्येकीचा मागून काढलेला व्हिडिओ, त्याच सहा गोष्टींची कार्डं, लक्ष वेधण्याचा क्रम, आणि मशीन किती मिनिटं लावायचं तो आकडा. सगळे तोच कागद वापरतील आणि चार आठवड्यांनी तो बदलायचा की नाही ते तुमच्या नोंदींवरून ठरेल. कुणाला खुणा किंवा चित्रं बंदच करायची असतील तर त्यांनी आधी त्या नोंदींतलं काय बिघडलं ते दाखवावं.